टेलिपथीच्या परीक्षा आणि फुटलेले पेपर

हान्स बर्गर १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन सैन्यात सक्तीची सेवा करत होता. वय एकोणीस-वीस. वुर्झबुर्गला तोफखान्याचा सराव चालू असताना त्याचा घोडा अचानक बिथरला आणि बर्गर खाली पडला, तो थेट येणाऱ्या तोफगाडीच्या पुढ्यात. घोडे आवरले गेले, गाडी अगदी हाताच्या अंतरावर थांबली. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली: तू बरा आहेस ना? घरी त्याच्या मोठ्या बहिणीच्या मनात एकाएकी आलं होतं की हान्सवर काहीतरी संकट आलंय. तिनं हट्टच धरला म्हणून वडिलांनी तार केली होती.

बर्गर तोवर खगोलशास्त्राकडे वळणार होता. या प्रसंगानंतर तो वैद्यकाकडे गेला. त्याला एकच शोधायचं होतं, मनात चाललेल्या गोष्टींची शरीरात मोजता येईल अशी काही ऊर्जा असते का. येना शहरातल्या मनोरुग्णालयात त्यानं मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, मेंदूचं तापमान मोजलं, कशातून फारसं हाती लागलं नाही. शेवटी १९२४ साली त्यानं माणसाच्या डोक्यावरून मेंदूतली विद्युत स्पंदनं टिपली आणि १९२९ साली ते संशोधन छापलं. फिट येणाऱ्या पेशंटला डॉक्टर आज जो ईईजी काढायला सांगतात, तो हाच. मात्र ही स्पंदनं इतकी क्षीण निघाली (व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास) की ती एवढ्या लांब बहिणीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, आणि हे बर्गरलाही कळत होतं. त्या दिवशी टेलिपथीच घडली हा त्याचा विश्वास मात्र शेवटपर्यंत टिकला.

टेलिपथीच्या संशोधनाचा इतिहास वाचताना अशी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. प्रश्न मनापासून पडलेला, मेहनत अफाट, आणि मिळालं ते भलतंच काहीतरी, पण अतिशय मोलाचं. भोळसट लोकांचा उद्योग म्हणून हा सगळा इतिहास मोडीत काढणं मला पटत नाही.

आधी टेलिपथी म्हणजे नेमकं काय ते पाहू. एका मनातली गोष्ट डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांतलं काहीही न वापरता दुसऱ्या मनाला कळणं. ही कल्पना आपल्याला नवी नाही, पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञान ही एक सिद्धी म्हणून येते. पण ती प्रयोगानं तपासायची म्हटलं की एक विचित्र अडचण उभी राहते. टेलिपथीची व्याख्याच नकारात्मक आहे. माहिती दुसऱ्या कुठल्याही वाटेनं पोचली नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. परीक्षेत एखाद्याला शंभरपैकी शंभर पडले आणि मागाहून कळलं की पेपर फुटला होता, तर त्या मार्कांना काय अर्थ राहतो? त्या मुलानं फुटलेला पेपर पाहिला होता की नाही हा वेगळा मुद्दा. मार्क मात्र गेलेच. टेलिपथीच्या संशोधनाची पहिली शंभर वर्षं म्हणजे पेपर कुठून कुठून फुटू शकतो, हे शिकण्याची शंभर वर्षं आहेत.

सुरुवात झाली लंडनमध्ये. १८८२ साली तिथं ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही संस्था निघाली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक पहिले अध्यक्ष, सोबत फ्रेडरिक मायर्स, एडमंड गर्नी आणि डब्लिनचे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट. ‘टेलिपथी’ हा शब्द मायर्सनी त्याच वर्षी घडवला. काळ कसा होता तेही लक्षात घ्या. समुद्राखालून तारा गेल्या होत्या, टेलिफोन येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि थोड्याच वर्षांत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ तारेशिवाय लहरी पाठवून दाखवणार होता. हवेतून अदृश्य काहीतरी जातं हे प्रयोगशाळेत दिसत असताना मनातलंही जात असेल, असं वाटण्यात मूर्खपणा नव्हता. दुसरीकडे डार्विननंतर धर्मावरची श्रद्धा डळमळीत झालेली. माणूस म्हणजे फक्त हाडामांसाचं यंत्र का, हा प्रश्न या लोकांना खरोखर छळत होता.

त्यांच्या पहिल्या प्रयोगांत बक्स्टन गावच्या क्रीअरी नावाच्या पाद्र्यांच्या मुली होत्या. एका मुलीला खोलीबाहेर पाठवायचं, बाकीच्यांनी पत्त्यातलं एक पान ठरवायचं, मग तिला आत बोलावून पान ओळखायला सांगायचं. मुली चकित करण्याइतकी पानं बरोबर ओळखत. पण १८८७च्या सुमारास केंब्रिजला पुन्हा चाचण्या घेताना खुणा पकडल्या गेल्या. वर पाहिलं की बदाम, खाली पाहिलं की चौकट, उजवीकडे इस्पिक, डावीकडे किलवर. मध्ये पडदा असला तर पाय घासायचा. मुलींनी आपल्या काही प्रयोगांत खुणा वापरल्याचं कबूलही केलं. गर्नींनी हे सगळं संस्थेच्याच नियतकालिकात छापलं. आपला सर्वांत लाडका पुरावा आपल्याच हातानं रद्द करायला मोठं धैर्य लागतं, आणि ते या लोकांकडे होतं.

ब्रायटनचे स्मिथ आणि ब्लॅकबर्न ही जोडी त्याहून पुढची. ब्लॅकबर्नला एक चित्र दाखवायचं, मग डोळ्यांवर पट्टी बांधून ब्लँकेटांत गुंडाळून बसवलेला स्मिथ ते चित्र काढून दाखवायचा. चित्रं इतकी तंतोतंत जुळायची की योगायोगाचा प्रश्नच नव्हता. पुढं १९०८ आणि १९११ साली ब्लॅकबर्ननं वर्तमानपत्रांतून सांगून टाकलं की सगळी हातचलाखी होती. त्याच्या सांगण्यानुसार तो चित्राची नक्कल सिगारेटच्या पातळ कागदावर करायचा आणि तो कागद पेन्सिलीच्या पितळी टोपणात दडवायचा. स्मिथ ब्लँकेटातून हात बाहेर काढून पेन्सिल मागायचा. आत गेल्यावर पट्टी वर सरकवायची आणि अंधारात चमकणाऱ्या पाटीच्या उजेडात चित्र बघायचं. स्मिथ मेला असं समजून ब्लॅकबर्ननं हे लिहिलं होतं. पण स्मिथ जिवंत होता आणि त्यानं सगळं साफ नाकारलं. (हाच जॉर्ज अल्बर्ट स्मिथ नंतर ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या चित्रपटकारांपैकी एक झाला.) कोण खरं बोलत होतं हे बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. त्या खोलीत बसलेल्या विद्वानांपैकी कोणालाही पेन्सिल तपासावीशी वाटली नव्हती. प्रामाणिक माणूस समोरच्यालाही प्रामाणिक समजतो, आणि जादूगार नेमकं त्यावरच पोट भरतात.

पण लबाडी हा या विषयातला सोपा भाग आहे. खरं विलक्षण आहे ते कोणीच लबाडी करत नसताना पेपर फुटणं.

त्या काळी रंगमंचावर ‘मन वाचणारे’ कलाकार असत. प्रेक्षकानं सभागृहात कुठंतरी टाचणी लपवायची, कलाकार डोळे बांधून त्याचा हात धरणार आणि टाचणीपर्यंत जाणार. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८७७ साली याचं गुपित उलगडलं. ज्याला जागा ठाऊक आहे त्याचे स्नायू त्याच्या नकळत सांगतात. योग्य दिशेला हात किंचित सैल पडतो, चुकीच्या दिशेला किंचित अडतो. आपल्याकडे वाटी उपडी ठेवून त्यावर बोटं टेकवत जे प्लँचेट करतात, त्यात वाटी सरकते ती याच कारणानं. बसलेल्यांपैकी कोणीही मुद्दाम ढकलत नसतं आणि तरी ढकलणारी बोटं त्यांचीच असतात. मायकेल फॅरडेनं १८५३ सालीच फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं.

बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा तर जगप्रसिद्ध झाला. मालकानं गणित घातलं की हा खुरानं तेवढे ठोके द्यायचा. मालक व्हिल्हेल्म फॉन ओस्टेन पूर्णपणे प्रामाणिक होता. तो नसतानाही घोडा उत्तरं द्यायचा, त्यामुळं १९०४ साली नेमलेल्या तज्ज्ञांनाही लबाडीची खूण सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञानं एक साधा बदल केला: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. घोड्याची हुशारी तिथंच संपली. झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तरी तेच. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं केसभर वर उचललं जायचं आणि घोडा त्यावर थांबायचा. फुंग्स्टनं नंतर स्वतः घोड्याची भूमिका घेतली. लोकांनी मनात आकडा धरायचा, तो टेबलावर ठोके देत त्यांच्या डोक्याकडे बघणार. तो आकडे ओळखू लागला आणि समोरच्यांना आपण काही हललो याची दादही नव्हती.

कानांचीही तीच गत. १८९५च्या सुमारास कोपनहेगनच्या हान्सेन आणि लेमन यांनी दोन मोठे अंतर्गोल आरसे समोरासमोर ठेवले. आकडा मनात धरणाऱ्याचं डोकं एका आरशाच्या नाभीपाशी, ओळखणाऱ्याचं दुसऱ्याच्या. तोंड मिटून एकाग्रतेनं आकड्याचा विचार करताना माणूस नकळत अतिशय बारीक पुटपुटतो, आरसे ते आवाज गोळा करतात, आणि समोरच्याला आकडा ‘मनात उमटल्यासारखा’ वाटतो. ऐकल्याचं त्याला जाणवतही नाही. सिजविक मंडळींनी आधी एकाच खोलीत माणसं बसवून आकडे ओळखण्याचे प्रयोग केले होते, ते यानंतर पूर्वीइतके निर्विवाद राहिले नाहीत. औषधांच्या चाचणीत हल्ली डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही खरी गोळी कोणती ते कळू देत नाहीत. त्या खबरदारीच्या मागं हाच धडा आहे.

आता बर्गरच्या बहिणीसारख्या प्रसंगांकडे येऊ, कारण बहुतेकांचा टेलिपथीवरचा विश्वास पत्त्यांमुळं बसलेला नसतो, अशा अनुभवांमुळं बसलेला असतो. गर्नी, मायर्स आणि त्याच संस्थेतले पॉडमोर यांनी १८८६ साली अशा ७०२ घटना दोन खंडांत छापल्या. मग संस्थेनं एक मोठी पाहणी केली. पूर्ण जागे असताना तुम्हाला कधी कोणी दिसल्याचा, स्पर्श झाल्याचा किंवा आवाज ऐकू आल्याचा भास झाला आहे का, हा प्रश्न सुमारे १७,००० लोकांना विचारला. अहवाल आला १८९४ साली. साधारण दहांतला एक जण ‘हो’ म्हणाला होता.

त्यांनी पुढं केलेलं गणित सुंदर आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा दर हजारी वर्षाला सुमारे १९ माणसं मरत. त्याला ३६५नं भागलं की एखादं ठरावीक माणूस एखाद्या ठरावीक दिवशी मरण्याची शक्यता निघते: १९,००० मध्ये एक. म्हणजे ओळखीच्या माणसाचा भास आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू हा निव्वळ योगायोग असेल, तर अशा १९,००० भासांत एकदा व्हायला हवा. प्रत्यक्षात निघालं ४३ मध्ये एक! साधे भास लोक विसरून जातात हे ओळखून त्यांनी भासांची संख्या मुद्दाम वाढवून धरली होती, शंकास्पद घटना गाळल्या होत्या. तरीही ४३ मध्ये एक.

मग गडबड कुठं? माणसं कोणत्याही दिवशी सारख्याच शक्यतेनं मरत नाहीत. आजारी, म्हातारी, संकटात असलेली मरतात, आणि घरच्यांच्या डोक्यात नेमकी त्यांचीच काळजी असते. दुसरं, हे सगळं आठवून सांगितलेलं होतं, पुष्कळदा वर्षानुवर्षांनी. मृत्यूची बातमी कळल्यावर मन मागं जाऊन तारखा जुळवतं, मंगळवारी आलेला भास सोमवारचा होतो, आणि त्यात खोटं बोलण्याचा हेतू मुळीच नसतो. भास झाल्याबरोबर, बातमी येण्याआधी लिहून ठेवलेला कागद दाखवता येईल अशी उदाहरणं फारच थोडी निघाली. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स पर्स यांनी १८८६च्या ग्रंथावर याच अंगानं कडक टीका केली होती. आईला मुलाची हुरहुर लागली आणि काहीच झालं नाही, असे दिवस वर्षात किती येतात हे कोणती आई मोजून ठेवते?

म्हणून प्रयोगाला पर्याय नव्हता, आणि इथं फ्रान्सचे शार्ल रिशे येतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ, पुढं १९१३ साली नोबेल मिळवणारे. १८८४ साली त्यांनी कोणी अचाट मनकवडा शोधण्याचा नाद सोडला आणि साध्या माणसांना पत्त्याचा रंग ओळखायला लावला. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक असे चार पर्याय, तेव्हा नुसत्या अंदाजानंही चारांत एक बरोबर येणारच. एकूण २,९२७ वेळा विचारलं, अपेक्षा ७३२ बरोबर उत्तरांची, आली ७८९. हा ५७चा फरक मोठा की छोटा? इतक्या वेळा अंदाज केल्यावर निव्वळ नशिबानं वीस-पंचवीसचा चढउतार सहज होतो. ५७ त्याच्या जवळजवळ अडीचपट. म्हणजे कुतूहल वाटण्याजोगा, पण डोळे दिपवणारा नव्हे.

रिशेंच्या आकड्यापेक्षा त्यांची पद्धत जास्त महत्त्वाची ठरली. पान माणसानं मनानं निवडायचं नाही, पिसून काढायचं. का, ते अमेरिकेत चार्ल्स मायनट यांनी दाखवलं. त्यांनी शेकडो लोकांना मनाला येतील ती दहा चित्रं काढायला सांगितली. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशाच आकृत्या पुन्हा पुन्हा आल्या, आणि पहिल्या एकदोन चित्रांतच. म्हणजे मी मनात वर्तुळ धरलं आणि तुम्ही वर्तुळ ओळखलंत, तर आपली मनं जोडलेली असतीलच असं नाही, ती फक्त सारखी आहेत. प्रयोगात निवड चिठ्ठ्या टाकून करायची ही पद्धत शेतीत आणि वैद्यकात रुळली त्याच्या कितीतरी आधी टेलिपथीच्या शोधात वापरली गेली होती. हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

१९३०च्या दशकात हा शोध अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पोचला. जे. बी. ऱ्हाइन यांनी सहकारी कार्ल झेनर यांच्या मदतीनं खास पत्ते बनवले. वर्तुळ, अधिकचं चिन्ह, लाटा, चौकोन, तारा, प्रत्येकी पाच, एकूण २५. अंदाजानं सरासरी पाच बरोबर येतात. एखाद्या वेळी आठ आले तर त्यात काही नाही, पण सतत आठ येत राहिले तर नक्की काहीतरी चाललंय. १९३४ साली ऱ्हाइननी आपले निष्कर्ष छापले आणि अमेरिकेत खळबळ उडाली. टीका आधी आली गणितावर. १९३७ साली अमेरिकेतल्या गणिती सांख्यिकी संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की गणित ठीक आहे, शंका घ्यायची तर प्रयोगावर घ्या. तिथं जागा होत्या. बाजारात विकायला आलेले काही पत्ते इतके पातळ होते की विशिष्ट उजेडात मागून चिन्ह दिसायचं. शिवाय डाव कधी थांबवायचा हे आधी ठरलेलं नसेल, तर नशीब वर असताना थांबून चांगला आकडा नोंदवता येतो.

ऱ्हाइन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९३३-३४चा. ह्यूबर्ट पिअर्स हा विद्यार्थी ग्रंथालयात, गेदर प्रॅट हे सहकारी दुसऱ्या इमारतीत शंभर यार्डांवर किंवा त्याहूनही लांब. घड्याळं जुळवलेली. प्रॅटनी दर मिनिटाला एक पान न बघता उचलून पालथं ठेवायचं, पिअर्सनं तिकडं आपला अंदाज लिहायचा. प्रॅटही पान बघत नसल्यामुळं काटेकोरपणे ही टेलिपथीची परीक्षा नव्हती, थेट वस्तू ‘दिसते’ का याची होती. एकूण १,८५० पानं, अपेक्षा ३७०, बरोबर ५५८. नशिबानं हे होणं जवळपास अशक्य. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सी. ई. एम. हॅन्सेल यांनी १९६०मध्ये ती जागा जाऊन पाहिली आणि एकच प्रश्न विचारला: पिअर्सवर लक्ष कोण ठेवत होतं? कोणीच नाही. तो ग्रंथालयातून उठून जाऊ शकत होता, आणि शेवटी प्रॅट पानं उताणी करून नोंदवत असताना दाराच्या वरच्या झडपेतून डोकावू शकत होता. त्यानं तसं केल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि पिअर्सला चोर म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. तरी दार उघडं होतं, आणि अशा परीक्षेचे मार्क धरता येत नाहीत. हा निकाल निर्दय वाटतो खरा, पण मला तोच न्याय्य वाटतो.

लंडनचे गणितज्ञ सॅम्युएल सोल यांची गोष्ट वाचताना मात्र वाईट वाटतं. त्यांनी ऱ्हाइनचे प्रयोग पुन्हा केले, सव्वा लाखाहून जास्त अंदाज तपासले, काही सापडलं नाही. मग १९४०च्या दशकात अचानक प्रचंड यश, तेही इतक्या कडक बंदोबस्तात की टीकाकार गप्प झाले. १९७८ साली बेटी मार्कविक यांनी संगणकाच्या मदतीनं सोल यांच्या, कोणतं पान ओळखायचं ते ठरवणाऱ्या आकड्यांच्या याद्या तपासल्या. मध्ये मध्ये जादा आकडे घुसवलेले निघाले, आणि बरोबर ठरलेली उत्तरं बरीचशी त्या जादा आकड्यांवरच होती. मार्कविक सुरुवातीच्या त्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’च्याच सदस्य होत्या. परीक्षार्थी, घोडे, प्रेक्षक सगळ्यांवर पहारा ठेवला होता, परीक्षकावर ठेवायचा राहून गेला होता.

त्यानंतरचे प्रयोग तंत्रानं खूप सुधारले. १९७०च्या दशकापासून डोळ्यांवर पिंगपाँगच्या चेंडूचे अर्धे भाग, लाल उजेड, कानात एकसुरी खरखर आणि दुसऱ्या खोलीत चित्र बघणारा माणूस, अशी मांडणी रूढ झाली. चार चित्रांतून एक ओळखायचं, म्हणजे अपेक्षा २५ टक्के. १९९४ साली छापलेल्या एका मालिकेत ३२ टक्क्यांच्या आसपास यश दिसलं. १९९९ साली पुढच्या तीस अभ्यासांचा एकत्र हिशेब केल्यावर ते जवळपास नशिबाच्या पातळीवर आलं. वाद अजून चालू आहे. पण कोणालाही, कुठंही, हवं तेव्हा करून दाखवता येईल असा एकही प्रयोग सव्वाशेहून अधिक वर्षांत उभा राहिलेला नाही, आणि माझ्या दृष्टीनं निकाल तिथंच लागतो.

शेवटचा फुटलेला पेपर सगळ्यांत सूक्ष्म आहे. प्रयोग झाल्यावर आकड्यांत चाळत बसलं की कुठंतरी काहीतरी जुळतंच, आणि फसलेले प्रयोग कपाटात राहतात. नेदरलँड्समधले मार्टिन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्याला परामानसशास्त्राच्या (म्हणजे टेलिपथीसारख्या दाव्यांच्या अभ्यासाच्या) एका युरोपीय नियतकालिकात नियम आणला: प्रयोग करण्याआधी काय करणार, किती वेळा करणार, आकडे कसे तपासणार हे लिहून पाठवा, लेख स्वीकारायचा की नाही ते आम्ही निकाल येण्याआधीच ठरवू. त्या नियतकालिकातल्या लेखांची पुढं तुलना झाली, तेव्हा आधी नोंदवलेल्या प्रयोगांत यशाचं प्रमाण बरंच कमी निघालं. मुख्य प्रवाहातल्या मानसशास्त्राला आपल्याच प्रयोगांचे निकाल पुन्हा मिळेनासे झाले आणि त्यानं २०१३च्या सुमारास हाच नियम स्वीकारायला सुरुवात केली. निमित्तांपैकी एक होतं, भविष्य आधीच जाणवतं असा दावा करणारा डॅरिल बेम यांचा २०११चा शोधनिबंध.